दगूनानांचा उजवा पाय

जुनी मोटारसायकल बघायला कुणी बोलावलं की मी आधी इंजिनावर हात ठेवतो. गाडीच्या रंगाकडे बघत नाही, कागद मागत नाही, मालकाशी बोलतही नाही. इंजिन गार लागलं तर पुढची बोलणी. गरम लागलं तर समजायचं, की आपण यायच्या आधी मालकानं किका मारून मारून, शेजाऱ्याला ढकलायला लावून गाडी चालू करून ठेवली आहे, आणि सकाळी गार असताना ती किती रडते हे आपल्याला कळू नये अशी त्याची इच्छा आहे. अशा वेळी मी चहा मागतो. चहा येतो, पिऊन होतो, घरच्यांची चौकशी होते, राजकारण होतं. तोपर्यंत इंजिन गार पडतं आणि मालकाचा चेहराही. मग मी म्हणतो, "आता मारा किक."

अंबडच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला माझं पत्र्याचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक म्हणजे सगळे शिफ्टवाले. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही किंवा डोक्याला नको असतो, आणि पहिलीच गाडी असते, त्यामुळे शंभर सीसीची जुनी गाडी घेतात. मीही तेच सांगत आलो. शिकणारा माणूस पडणारच. नवी गाडी पडली की माणूस गाडीजवळ बसून रडतो. जुनी पडली की पँट झटकतो आणि निघतो.

अशी गाडी पारखायची म्हणजे काही फार मोठी विद्या नाही. इंजिन गार असावं. कागदावरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकच असावा. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर कोरडी काजळी लागावी, तेलकट लागली तर इंजिन आतून ऑइल पितंय. हँडल सोडून दिलं तर गाडी सरळ जावी, एका बाजूला ओढत असेल तर ती कधीतरी जोरात आपटली आहे. आणि मालक काय सांगतो ते ऐकून घ्यावं, पण मनावर घेऊ नये. "मास्तरांची गाडी आहे, घर ते शाळा, शाळा ते घर," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की नाशिक जिल्ह्यात जेवढे मास्तर असतील त्याच्या दुप्पट त्यांच्या गाड्या माझ्या हातून गेल्या असाव्यात.

घेतल्यावर सांभाळायची कशी, हेही एवढंसंच आहे. वेळेवर ऑइल बदला, साखळी सैल होऊ देऊ नका, प्लग साफ ठेवा, ब्रेक तपासून घ्या. आयुष्यभर मी हे चार शब्द बोलत आलो आणि आयुष्यभर लोक "हो हो" म्हणत गेले. हो म्हणणारा माणूस पुढच्या वेळी येतो तो गाडी ढकलतच.

तऱ्हा तरी किती. ओझरकडून एक निवृत्त गृहस्थ यायचे. ऑइल स्वतःच्या पिशवीतून आणायचे, डब्याचं सील माझ्यासमोर तोडायचे, आणि इंजिनातून निघालेलं काळं ऑइल परत त्याच डब्यात भरून घरी न्यायचे. मला वाटायचं, माझ्यावर विश्वास नाही. एकदा विचारलंच. म्हणाले, "दाराच्या चौकटींना लावतो. वाळवी येत नाही." त्यांच्या गाडीपेक्षा त्यांच्या चौकटींची देखभाल जास्त चांगली असणार. दुसरे एक होते, त्यांनी आपली जुनी गाडी माझ्याच मार्फत विकली आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी येऊन विचारायला लागले, "नवा मालक ऑइल बदलतो का?" मी सांगायचो बदलतो. बदलत नव्हता.

खरं सांगायचं तर आता मला कंटाळा आला आहे. गुडघे वाकत नाहीत, वाकले तर उठत नाहीत. मी एका पत्र्याच्या डब्यावर बसून काम करतो, आणि गाडीची दुसरी बाजू करायची असली की डबा उचलून पलीकडे नेण्याऐवजी गिऱ्हाइकालाच सांगतो, "गाडी फिरवून लावा." नव्या गाड्या येतात त्यांच्या पोटात वायरी आणि सेन्सर, आणि त्यांना काय दुखतंय हे विचारायला कॉम्प्युटर लागतो. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात ते बहुतेक नकली. माझ्या बायकोचं म्हणणं, शेड भाड्यानं देऊन टाका. मीही रोज सकाळी कुलूप उघडताना तेच म्हणतो.

सगळ्यात जास्त थकवा येतो तो दसऱ्याला. आदल्या दिवशी अख्खं नाशिक गाड्या धुतं. बादलीनं, पाइपनं, कपड्याच्या पावडरीनं. प्लगच्या टोपणात पाणी जातं, कार्बोरेटरमध्ये जातं, ब्रेकमध्ये जातं. सकाळी गाडीला हार घालतात, झेंडूची माळ हेडलाइटवरून सोडतात, नारळ फोडतात, आणि गाडी चालूच होत नाही. मग हारासकट ढकलत माझ्याकडे. दिवसभर मी झेंडूच्या पाकळ्या बाजूला करून प्लग पुसत असतो. माझ्या स्वतःच्या गाडीला फूल मिळतं ते उन्हं कलल्यावर.

दगूनानांची गोष्ट अशाच एका दसऱ्याच्या आगेमागे घडली. फार जुनी नाही.

घोटीच्या अलीकडे, हायवेवरून आत गेलं की नानांचं गाव. अंबडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. प्रेस म्हणजे काय, तर पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, हात बाहेर काढायचा आणि उजव्या पायानं पेडल दाबायचं. वरून ठोका येतो आणि भाग कापून खाली पडतो. हात बाहेर, मग पाय खाली. हा क्रम एकदा उलटला की बोट गेलं. नानांनी उभं आयुष्य हेच काम केलं आणि त्यांची दहाच्या दहा बोटं जागेवर होती. कुणी नवीन ओळखीचं भेटलं की ते दोन्ही पंजे पसरून दाखवायचे. त्या कारखान्यात तशी मिरवण्यासारखीच गोष्ट होती ती.

एका उन्हाळ्यात ते माझ्या शेडसमोर येऊन उभे राहिले. पांढऱ्या मिशा, खांद्याला डब्याची पिशवी.

"मिस्त्री, एक गाडी बघा आपल्यासाठी. शिकायची हाये."

"मुलासाठी का?"

"नाय. मलाच."

कंपनीनं त्यांच्या बाजूची बस बंद केली होती. पहिल्या पाळीला पोचायचं तर त्या वेळेला एसटी नाही, आणि काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही. लेट मार्क साठायला लागले. साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं होतं, की ज्यांना जमत नसेल त्यांनी आधीच निवृत्ती घ्यावी, कंपनी कागद तयार ठेवेल. नानांची चार-पाच वर्षं बाकी होती. धाकटी मुलगी नर्सिंगला होती. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना जायचं नव्हतं. "घरी बसून काय करू?" म्हणाले. "माझा पाय आजून चालू राहिलाय की."

गाडी मी पाथर्डी गावात बघितली. इंजिन गार होतं. विकणारा म्हणाला मास्तरांची गाडी आहे, मी मान डोलावली, तर आतून खरोखरच मास्तर बाहेर आले. एवढ्या वर्षांत पहिले. गाडी चांगली होती. पुढं-मागं साधे ड्रमचे ब्रेक, म्हणजे चाकाच्या मधोमध एक डबी असते आणि ब्रेक दाबला की तिच्यात दोन लायनर फाकून आतून घासतात, तसले. बांधा हलका, शिकणाऱ्याला सोसेल अशी. नानांनी हँडलला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मला नको होतं. माझे गुडघे आणि त्यांचं वय बघता दोघंही त्या कामाचे नव्हतो. पण सुट्टीच्या दिवशी बंद पडलेल्या एका कंपनीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांना घेऊन जायला लागलो. क्लच त्यांना लवकर जमला. गिअरही जमले. अडलं ते थांबण्यापाशी. समोर कुत्रं आलं, दगड आला, वळण आलं, की नाना दोन्ही हातांनी हँडल छातीकडे ओढायचे आणि मोठ्यानं ओरडायचे, "होऽऽ! होऽऽ!"

गाडी काही थांबायची नाही.

त्यांचे वडील बैलगाडीवाले. पंचक्रोशीतलं भात घोटीच्या गिरण्यांवर नेऊन टाकायचे, आणि नाना पोरवयात त्या गाडीवर वाढलेले. घाबरला की माणूस लहानपणी शिकलेलंच करतो. कासरा ओढायचा आणि होऽऽ म्हणायचं. मी मागं लंगडत ओरडायचो, "पाय, नाना! पाय!" दोनदा ते कुंपणात गेले. एकदा मला घेऊन गेले.

शेवटी मला सुचलं. म्हटलं, "नाना, हे ब्रेकचं पेडल बघा. उजव्याच पायाशी आहे. ही तुमची प्रेस समजा. समोर काही आलं की ठोका मारायचा."

ते क्षणभर पेडलकडे बघत राहिले. त्या दिवसापासून नाना थांबायला शिकले. असा नेमका पाय पडायचा की मला हेवा वाटायचा. दहा तरण्या पोरांना शिकवलं असेल, पण असा पाय मी बघितला नाही. लायसन्सच्या वेळी आठ काढून दाखवताना जमिनीला पाय टेकला नाही. त्या दिवशी पेढे आणले, आणि माझ्या शेडबाहेर उभ्या असलेल्या परक्या माणसांनासुद्धा वाटले.

मग पाऊसकाळ सगळा ते गाडीनं आले. हायवेचा मोठा रस्ता सोडून कडेच्या रस्त्यानं, सावकाश. सकाळी माझ्या शेडवरून जाताना हॉर्न द्यायचे. मी मान वर करायचो नाही, हातातला पाना वर करायचो. महिन्यातून एकदा ऑइल, साखळी, प्लग, सगळं सांगितल्याप्रमाणे. मी सांगितलेलं तंतोतंत करणारं हे एकच गिऱ्हाईक.

दसऱ्याच्या आधी चिखलापाण्यानं ब्रेकचे लायनर झिजले होते, ते मी दोन्ही चाकांचे नवे टाकले. नवे लायनर बसेपर्यंत ओरडतात. ब्रेक लावला की कींऽऽ असा आवाज येतो. मी सांगितलं, "आठवडाभर ओरडतील. लक्ष देऊ नका, आपोआप गप्प होतील."

"बरं," म्हणाले नाना, आणि कींऽऽ करत गेले.

दसरा झाला. माझ्याकडे नेहमीची जत्रा झाली. दोन दिवस गेले तरी सकाळचा हॉर्न नाही. पाहुण्यांकडे गेले असतील म्हटलं. मग त्यांच्याच खात्यातला एक जण पंक्चर काढायला आला, त्यानं सांगितलं, "नाना पडले. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, कामावर निघाले तेव्हा. गावाच्या उतारावर."

आणि मग तो हसला. "ब्रेक दाबायचा सोडून होऽऽ होऽऽ करत बसले म्हणे."

मला राग आला. त्याचा आला, नानांचा आला आणि माझाही आला. संध्याकाळी फोन केला. नानांचा आवाज खोल गेलेला. खांद्याचं कॉलरबोन मोडलं होतं, बाकी ठीक. उताराला समोरून गुरं आली, गाडी थांबेना, म्हणून त्यांनी ती भाताच्या खाचरात घातली होती.

"गाडी घेऊन जा मिस्त्री. कुणाला तरी देऊन टाका."

"नाना, पडतं माणूस. जुनी गाडी आहे, पडायलाच घेतली होती."

"पडल्याचं नाय काही. माझा पाय नाय दाबला गेला. मला वाटलं, मी दाबला. मला आजून वाटतं, मी दाबला. पन गाडी थांबली नाय. म्हंजे दाबलाच नसंल ना. लोक म्हंत्यात मी होऽऽ म्हनलो. म्हनलोही असंन. मला आठवंना."

"मग?"

"मग काय. पायाला कळंना तो कधी दाबतोय आन् कधी नाय, तर त्या पायानं प्रेसवर कसा जाऊ? तिथं बोट जाईल. साहेबाला सांगून ठिवलं, तुमचा तो कागद काढा म्हनून. हाड जुळलं की सही करून टाकतो."

फोन ठेवल्यावर मी त्या डब्यावर बसून राहिलो. एक गाडी समोर उघडी पडली होती, तिला हात लावावासा वाटला नाही. उभं आयुष्य ज्या पायाच्या भरवशावर दहा बोटं सांभाळली, त्या पायावरचाच त्यांचा भरवसा उडाला होता. आणि त्यांना गाडी मी घेऊन दिली होती. या धंद्यात वाईट वाटण्याचे प्रसंग पुष्कळ येतात, पण ते बहुतेक स्पेअर पार्ट न मिळाल्याचे असतात.

सुट्टीच्या दिवशी मी पान्यांची पिशवी घेऊन त्यांच्या गावाला गेलो. गाडी अंगणात मोठ्या स्टँडवर लावलेली होती. धुऊन लख्ख केलेली, हँडलला सुकलेली झेंडूची माळ, आणि मडगार्डवर पडल्याचे ओरखडे. नाना ओट्यावर बसले होते, खांद्यांना पट्टा आवळलेला. त्यांच्या पलीकडे घोंगडीवर त्यांचे वडील. ऐंशीच्या पुढचे, पाठ वाकलेली, पण नजर तीक्ष्ण. नानांच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि ती दारातच उभी राहिली. माझ्याशी कुणी फार बोललं नाही. मी गाडी न्यायलाच आलो होतो, त्यात बोलण्यासारखं काय होतं?

न्यायच्या आधी बघून घ्यावी म्हणून स्टँडवरच मागचं चाक हातानं फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. ब्रेकचा गज जागेवर होता, नट घट्ट, पेडल दाबलं की खालची कडी नीट हलत होती. पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबलं. चाक आपलं सावकाश फिरतंय. आवाजही नाही. आठवडाभर ओरडणार होते ते लायनर चिडीचूप.

मी खाली बसलो. मागचं चाक सोडवलं आणि ड्रम उघडला.

आतून एक वास आला. इंजिनाच्या ऑइलचा नव्हे, पेट्रोलचा नव्हे. एरंडेलाचा. दोन्ही लायनर त्यात चिंब भिजलेले, ड्रमची आतली बाजू आरशासारखी चकचकीत. लायनरनं घासून चाक धरायचं असतं. त्यावर तेल पडलं की तो धरतच नाही, कितीही दाबा. पुढचं चाक उघडायची गरज नव्हती, तरी उघडलं. तेच.

हे तेल कुठून आलं ते मला लगेच समजलं. एरंडेल मोटारसायकलला कुणी घालत नाही. ते बैलगाडीच्या चाकाला घालतात. चाक ओरडायला लागलं की कण्याला वंगण द्यायचं, नाहीतर कणा झिजतो आणि बैलाला जड जातं. ज्यानं सारा जन्म भातानं भरलेली गाडी घोटीपर्यंत हाकली, त्याच्या अंगणात नवं चाक कींऽऽ करत आलं, तर तो गप्प बसेल का? सणाचा दिवस, पूजा झालेली. त्यानं तेलाची बुधली आणली असेल, स्टँडवर चाक हळूहळू फिरवत फटीतून धार सोडली असेल, जोवर ते गप्प होत नाही तोवर. मुलगा रोज एवढ्या लांब जातो म्हणून, प्रेमानं.

मी वर बघितलं नाही. म्हातारबांकडे तर मुळीच नाही. नानांना खरं सांगितलं तर पाय सुटत होता आणि बाप अडकत होता. काहीच सांगितलं नाही तर बाप सुटत होता आणि नाना जाऊन त्या कागदावर सही करणार होते. तिसरी वाट एकच होती, आणि ती माझ्या हातात होती. मी कधी कुणाला नकली माल घातला नाही. पण घातला होता असं म्हणायला किती वेळ लागतो?

"नाना," मी म्हणालो, "लायनर खराब लागले हो. नकली माल असतो हल्ली. मीच घातले होते, माझ्याच..."

"नाय."

म्हातारबा घोंगडीवरून उठत होते. भिंतीला हात लावून उभे राहिले, पायऱ्या उतरले आणि माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या हातातला लायनर घेतला, नाकाशी नेला.

"हे तेल माझं हाये," म्हणाले.

लायनरवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"चाक वरडू राहिलं व्हतं. मी म्हनलं, कोरडं पडलं. कोरड्या चाकानं पोरगं लांब जातं. म्हनून मी घातलं. दोन्हीला घातलं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "मिस्तरी, त्याला तेल नाय चालत?"

खोटं बोलायची तयारी होती, पण त्या नजरेपुढं जमलं नाही. "नाही चालत बाबा. ते कोरडंच लागतं. तेल लागलं की चाक थांबत नाही."

"म्हंजे त्यानं दाबला आसता तरी?"

"तरी थांबलं नसतं."

म्हातारबांनी लायनर खाली ठेवला. हात धोतराला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. मग ओट्याकडे न बघताच म्हणाले, "दगू, तुझा पाय बराबर व्हता रे. मी तेल घातलं."

आता नाना ओरडतील, नाहीतर उठून आत जातील, असं मला वाटलं. ते जागेवरूनच माझ्याकडे वाकले.

"मिस्त्री, म्हंजे मी दाबला व्हता?"

"दाबला होता नाना."

"नक्की?"

"तुम्ही दाबलेला आहे. चाकानं धरलं नाही."

"होऽऽ म्हनलो आसंन, तरी दाबला व्हता?"

"तरीही दाबला होता."

ते बायकोकडे वळले. "आयकलं का गं? मी दाबला व्हता. मी म्हनत नव्हतो, मला वाटतंय मी दाबला?" तिनं पदर तोंडाला लावला. नाना उठले. एका हातानं खांद्याचा पट्टा सावरत अंगणात आले आणि दोन्ही चाकं काढलेल्या त्या गाडीजवळ उभे राहिले. उजवा पाय उचलून त्यांनी ब्रेकच्या पेडलवर ठेवला आणि दाबला. पुन्हा दाबला. मीही त्या पायाकडे बघत राहिलो. माझे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला हातातलं फडकं तेलकट होतं.

"चाकं बसवा मिस्त्री," ते म्हणाले. "हाड जुळलं की लागंल मला गाडी. आन् साहेबाला मीच सांगतो, कागद ठिवा तुमच्यापाशी."

म्हातारबा अजून जमिनीवरच बसले होते. "माझ्यापाई तुझं हाड मोडलं रे," म्हणाले.

नाना त्यांच्यासमोर खाली बसले. पट्ट्यामुळे वाकता येत नव्हतं, तरी बसले. बापाचा तेलकट हात त्यांनी आपल्या बऱ्या हातात धरला.

"हाड काय, जुळतं," म्हणाले. "बरं झालं बाबा, तेल व्हतं."